खण, खोली, सदनिका

उंच इमारतीतली एका शयनघराची सदनिका, म्हणजे रोजच्या बोलण्यातला वन बीएचके, आज महाराष्ट्रात भाजीपाल्याइतक्या सहजतेने जाहिरातीत दिसते. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, न्हाणीघर, संडास आणि जमली तर गॅलरी असे तिचे रूप असते. या सगळ्याचे मिळून साधारण ३५० ते ४५० चौरस फूट भरतात. ती विकत घेणारा माणूस बाविसाव्या किंवा तिसाव्या मजल्यावरच्या चार भिंतींतल्या पोकळीचा मालक होतो. खालची जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर नसते, कित्येकदा त्याच्या सोसायटीच्याही नसते. जमिनीपासून सुटलेले घर विकता येते, ते गहाण टाकून कर्ज काढता येते आणि ते मुलाबाळांच्या नावे करता येते, ही कल्पना रुजायला मुंबईसारख्या शहरातही जवळजवळ शंभर वर्षे लागली. तिचे वेगळेपण कळायचे तर घर आणि जमीन यांचे नाते अजून जुन्या रीतीने टिकून असलेला मुलूख आधी पाहावा लागतो. नंदुरबार जिल्हा हा तसा मुलूख आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ होती. त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, आणि शहरांत राहणारे जेमतेम सहातले एक. नंदुरबार शहराने तेव्हा नुकताच एक लाख दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे इथल्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची वाटते. नवापूरचे रेल्वेस्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. उसाच्या तोडणीपासून कापडाच्या कामापर्यंत मजुरीसाठी दक्षिण गुजरातेत जाणारी कुटुंबे जिल्ह्यातल्या बहुतेक भागात आढळतात, आणि टोलेजंग इमारती त्यांतल्या अनेकांनी प्रथम पाहिल्या त्या तिकडेच.

तापीच्या खोऱ्यातल्या जुन्या गावांत घर खणांनी मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दोन खणी घर गरिबाचे, पाच-सात खणी घर खात्यापित्या शेतकऱ्याचे. खान्देशात अशा घरांवर पुष्कळदा धाबे असे. तुळया आणि किलचणांवर मातीचा जाड थर, पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा पांढरी माती, आणि उन्हाळ्यात रात्री सगळे कुटुंब वर झोपायला. पुढे ओटा, आत ओसरी, मग माजघर. घर मुलगा झाला म्हणून, गोठा हवा म्हणून एकेका खणाने वाढे आणि भाऊ वेगळे निघाले की मधे भिंत पडे. ते विकायची वेळ क्वचित येई. आली तर गावठाणातली जागा आणि तिच्यावरची लाकूड-माती असा एकत्र व्यवहार होई, बहुधा भाऊबंदातच. घराचा उतारा असलाच तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा, म्हणजे कर भरल्याचा कागद. मालकीचे कागद म्हणून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० साली आली, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे.

सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्यात, घराची गोष्ट आणखी निराळी. पावरा आणि भिल्ल कुटुंबांची घरे एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, टेकाडावर, आणि एक गाव अनेक पाड्यांत मिळून कोस दीड कोस पसरलेले. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर कौले. आत एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला चूल, धान्याच्या कणग्या आणि जाते. घर बांधायला कंत्राटदार नसतो. पाड्यातले लोक येतात, काम उरकते, जेवण होते, आणि पुढच्या वेळी यजमान दुसऱ्याच्या घराला हात लावायला जातो. या घरात मौल्यवान काय असेल तर लाकूड. खांब उपटून, तुळया सोडवून घर दुसरीकडे नेता येते. जमीन मात्र हलत नाही आणि कायद्याने सहजी विकताही येत नाही.

हे विकता न येणे दोन कायद्यांतून आले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १९७४च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंत पट्ट्याने द्यायची किंवा गहाण टाकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. विक्री किंवा बक्षीस यांसारख्या बाकी हस्तांतरणांना राज्य शासनाची पूर्वमान्यताही हवी. आधी सावकार आणि व्यापाऱ्यांकडे गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून त्याच सुमारास वेगळा कायदाही झाला. पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, जमिनी कशा गेल्या याचा अनुभव त्यामागे होता. पुढे २००६च्या वनहक्क कायद्याने जंगल जमिनीवर राबणाऱ्यांना जो हक्क दिला, तो वारसांना मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. बाजारात न येणारे घर आणि जमीन, असाच या दोन्ही कायद्यांचा हेतू आहे. बँकेच्या दृष्टीने अशी जमीन तारण म्हणून कमकुवत ठरते, ही त्याची दुसरी बाजू. ती खरी आहे आणि तिचा त्रासही होतो. तरीही हे निर्बंध नसते तर सातपुड्याच्या पायथ्याची किती जमीन आज मूळ मालकांच्या नावावर उरली असती, याचा अंदाज त्याआधीच्या पन्नास वर्षांकडे पाहून बांधता येतो.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने इथली तेहतीस गावे बाधित झाली, तेव्हा घर आणि जमीन यांची सांगड शासनालाही आकड्यांत लिहावी लागली. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९च्या निवाड्याने खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर शेतजमीन आणि घरासाठी ६० फूट बाय ९० फूट जागा ठरवली. म्हणजे ५,४०० चौरस फूट. तळोदे तालुक्यात जंगल मोकळे करून सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसाहती झाल्या. नर्मदाकाठच्या अनेकांनी जुनी घरे उसकटून सागाचे लाकूड ट्रकने नव्या जागी आणले. निवाड्यात लिहिलेले आणि प्रत्यक्षात हाती पडलेले यांत अंतर किती, हा वेगळा आणि लांबलेला वाद आहे. मापाची गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी. निवाड्यातल्या त्या एका घरजागेत मुंबईच्या बाराएक वन बीएचके सदनिका एका मजल्यावरच मावतील.

मुंबईत घर जमिनीपासून सुटू लागले ते गिरण्यांच्या काळात. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, गिरगाव, वरळी इथे चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, आणि टोकाला सामाईक नळ आणि संडास. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार या खोलीचा मालक नव्हता आणि व्हायची त्याला घाईही नव्हती. त्याचे घर गावाला होते. मुंबईत बिऱ्हाड होते, किंवा एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा जणांपैकी एक पथारी होती. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, तोवर या राहणीविषयी आठवणीची माया जमू लागली होती. खोलीत राहणाऱ्या सुनांना विचारले असते तर चित्र कदाचित कमी मजेशीर निघाले असते.

१८९६च्या प्लेगने सरकारला घराच्या प्रश्नात ओढले. दोन वर्षांनी मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहतींसाठी भूखंड पाडले. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या, बांधल्या गेल्या सोळा हजारांवर. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या दोनशेहून अधिक बीडीडी चाळी त्या त्याच. सिमेंट काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, एका मजल्यावर वीस खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्या इतक्या उदास वाटत की पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या.

खोलीचा फ्लॅट कसा झाला, याचे उत्तर संडासात आहे. एकोणिसाव्या शतकातला संडास घरापासून दूर ठेवावा लागे, कारण तो हाताने साफ होई आणि ते काम करणाऱ्या माणसाला सवर्ण घरात पाऊल टाकू दिले जात नसे. जुन्या मुंबईत इमारतींच्या पाठीमागे अरुंद हाउस गल्ल्या होत्या त्या याचसाठी. जमिनीखालची गटारे आणि पाण्याने धुतला जाणारा संडास आल्यावर तो घरात घेणे शक्य झाले. दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींत १९२० ते १९४०च्या दरम्यान स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास एकाच दाराआड आले, आणि मध्यमवर्गीय मराठी, गुजराती, तामिळ कुटुंबांनी ते हळूहळू स्वीकारले. जुनी धास्ती मात्र नकाशात राहिली. संडास घराच्या अगदी टोकाला, आणि सफाई करणाऱ्यासाठी मागून वर चढणारा लोखंडी गोल जिना. माटुंग्यात अशा काही इमारती अजून उभ्या आहेत. आजच्या वन बीएचकेत संडास बेडरूमला लागून असतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. एवढा बदल दोन पिढ्यांत पचला, हे जातिव्यवस्थेच्या इतिहासातले एक दुर्लक्षित प्रकरण आहे.

बेडरूमचे महत्त्वही तेव्हाच वाढले. एका खोलीत आईवडील, भावंडे आणि नवविवाहित जोडपे राहत असेल तर एकांत कोठून आणायचा? राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ या १९७० सालच्या चित्रपटाचा सगळा विषय हाच. ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट त्याच कथेवर दोन वर्षांनी निघाला. एका बंद होणाऱ्या दारासाठी लोक चाळीतली शेजारपाजारची सोय सोडून बोरिवली, डोंबिवली, मुलुंडला जाऊ लागले.

एकेकट्याला परवडत नाही ते घर दहा जणांनी मिळून बांधायचे, ही वाट सहकाराने काढली. १९०४ आणि १९१२च्या सहकारी कायद्यांनंतर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ साली नोंदवली गेली. जमीन आणि इमारत सोसायटीच्या मालकीची, सभासदाकडे भाग आणि राहण्याचा हक्क. भाड्याएवढी रक्कम तो दरमहा भरतो, पण घरमालकाला नव्हे, स्वतःच सभासद असलेल्या संस्थेला. ही रचना मुंबईला इतकी मानवली की आज शहरातल्या बहुसंख्य सदनिकाधारकांच्या मालकीचा ठोस पुरावा म्हणजे सोसायटीचे भागप्रमाणपत्र असते. पन्नास रुपयांच्या काही भागांचा तो पिवळट कागद कोटीची जागा पेलतो. सभासदाचा हा राहण्याचा हक्क ही मालमत्ता आहे काय, असा प्रश्न न्यायालयांपुढे आला. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जप्त होऊ शकणारा आणि विकता येणारा मालमत्तेचाच एक प्रकार असल्याचे ठरवले.

तरीही १९४७पर्यंत मुंबईकर भाडेकरूच होता. त्या वर्षीच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या निर्वासितांच्या लोंढ्यात भाडेकरूला त्याने आधार दिला, यात शंका नाही. पण ती तात्पुरती मलमपट्टी पन्नास वर्षे तशीच राहिली. भाडे वाढत नाही म्हणून घरमालक डागडुजी करीना. जागा मिळवायला भाडेकरूला हातावर पागडी ठेवावी लागू लागली, आणि कागदावर नसलेला हा व्यवहार थेट १९९९च्या नव्या कायद्याने मान्य केला. पडझड इतकी वाढली की १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. आणि सर्वांत दूरचा परिणाम म्हणजे भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे जवळजवळ थांबले. पैसा असलेल्याने इमारत बांधायची ती आता विकून मोकळे होण्यासाठी.

इथून ‘ओनरशिप’चा जमाना सुरू झाला. १९५०च्या दशकात बिल्डर ही नवी जमात पुढे आली. ती गाळे बांधण्याआधीच विके. लोक दागिने मोडून पैसे भरत आणि वर्षानुवर्षे पायऱ्या झिजवत. एकच गाळा दोघांना विकणे, नकाशा परस्पर बदलणे, सोसायटी होऊ न देणे, जमिनीचे हस्तांतरण लांबवणे, हे सर्व प्रकार होते. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा १९६३ साली झाला. वकिलांच्या तोंडी तो मोफा. किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याआधी लेखी करारनामा करून नोंदवायचा. घेणाऱ्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. मंजूर नकाशात संमतीवाचून बदल करायचा नाही. पुरेसे घेणारे झाले की सोसायटी स्थापन करायची, आणि ती नोंदल्यावर जमिनीसह इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे सोसायटीच्या नावे मालकीचे कागद, करून द्यायचे, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर चार महिन्यांत. देशात अशा स्वरूपाचा हा आरंभीचा कायदा, आणि मसुदा वाचला तर आजही तो शहाणपणाचा वाटतो. १९७० साली अपार्टमेंट मालकीचा वेगळा कायदा आला. त्यात सोसायटीऐवजी प्रत्येक सदनिकाधारकाला इमारतीच्या जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. पुण्यात ही पद्धत बऱ्यापैकी रुजली, मुंबईत सोसायटीचेच राज्य राहिले.

मोफाचा कच्चा दुवा अंमलबजावणीचा होता. चार महिन्यांच्या मुदतीला कोणी भीक घातली नाही. हजारो सोसायट्यांच्या जमिनी चाळीस-चाळीस वर्षे बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिल्या. वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीचा, लाभ कधीतरी मिळेल, ही आशा त्यांना सोडवत नव्हती. अखेर २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आणले. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सहकार निबंधकांकडे जायचे आणि त्यांच्या आदेशावर कागद नोंदवून घ्यायचा. सातव्या मजल्यावर वीस वर्षे राहिलेल्या माणसाला आपल्या इमारतीखालची जमीन अजून दुसऱ्याची आहे, हे अनेकदा पुनर्विकासाची बैठक भरते त्या दिवशी कळते.

मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणणारे वर्ष १९७७. हसमुखभाई पारेख यांनी घरकर्जासाठी एचडीएफसी त्याच वर्षी काढली, आणि गृहनिर्माण मंडळे एकत्र करून म्हाडा स्थापन झाली तीही त्याच वर्षी. त्याआधी घरासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडणे, सासऱ्याकडून घेणे किंवा निवृत्तीची वाट पाहणे एवढेच मार्ग होते. योगायोग असा की बिल्डरने पैसे घेऊन पोबारा केल्यामुळे उद्ध्वस्त झालेल्या मुंबईकर जोडप्याची गोष्ट सांगणारा ‘घरोंदा’ हा चित्रपटही त्याच साली आला. मोफा होऊन चौदा वर्षे लोटली होती.

उंचीची गोष्ट या सगळ्याला समांतर चालू होती. १९३०च्या दशकात बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उठल्या. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट आणि विजेची लिफ्ट यांनी पाच-सहा मजले सोपे केले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कारमायकल रोडवरच्या उषा किरण इमारतीने पंचवीस मजले गाठले. ती श्रीमंतांसाठी होती. वन बीएचके अशा इमारतींत बसत नसे, कारण लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीपासून बचावाची सोय यांचा खर्च मोठ्या घरांवरच पडण्यासारखा होता. एका शयनघराचे घर चार मजली, बिनलिफ्टच्या उपनगरी इमारतीत राहिले.

ते टॉवरमध्ये गेले १९९१नंतर. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा मूळ निर्देशांक ठेवला, आणि सोबत तो वाढवून घेण्याची अनेक दारे उघडली. रस्त्याला किंवा बागेला जमीन सोडली की तिचा विकास हक्क दुसरीकडे नेता येई. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी नियम ३३(७), झोपडपट्ट्यांसाठी ३३(१०). १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनीही मोकळ्या होऊ लागल्या. सूत्र सगळीकडे एकच होते. जुन्या रहिवाशांना फुकट घर द्या आणि त्या बदल्यात जास्तीचे मजले बाजारात विका. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुकट घर २२५ चौरस फुटांचे होते, २००८मध्ये ते २६९ झाले, नंतर ३००. शेजारच्या विक्रीच्या इमारतीत मग वन बीएचके निघे, तिसाव्या मजल्यावर, पार्किंगच्या पाच मजल्यांवर उभा. २४ मीटरहून उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायला मोकळी ‘रेफ्यूज’ जागा ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे टॉवर दुरून पाहताना ठराविक मजल्यांवर दातात फट पडल्यासारखा मोकळा पट्टा दिसतो.

२६९ हा आकडा नंदुरबारकरांनाही ओळखीचा आहे. पंचवीस चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट, आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान माप तेच. शबरी आदिवासी घरकुल योजनाही त्याच मापावर चालते. मुंबईच्या पुनर्वसन इमारतीतला संसार आणि अक्राणीतल्या धडगावच्या पाड्यावरचा संसार यांना सरकारी फूटपट्टी एकच लागली. पाड्यावरच्या माणसाने घरकुल बांधले तरी जुने कुडाचे घर तो सहसा पाडत नाही. गुरे, कणग्या आणि पाहुणे त्या जुन्या घरातच राहतात. टॉवरमधल्या माणसाला ती सवलत नाही.

विक्रीच्या मापाचा गोंधळ मिटायला २०१७ उजाडावे लागले. तोवर घराचे तीन आकडे असत. सतरंजी अंथरता येईल तेवढे चटई क्षेत्र, त्यात भिंती मिळवून बिल्टअप, आणि त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, कधी बागसुद्धा मिळवून सुपर बिल्टअप. घरात पाऊल ठेवल्यावर चारशे फूट भरणारी जागा जाहिरातीत सहाशेची होई, आणि भाव सहाशेवर लागे. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७पासून त्याखालच्या महारेरा या राज्य प्राधिकरणाचे काम सुरू झाले. आता विक्री चटई क्षेत्रावर होते. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बांधकामातला दोष पाच वर्षांत निघाला तर विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. मोफाने वेगळे खाते १९६३ सालीच सांगितले होते. फरक एवढाच की आता वेबसाइटवर प्रकल्प दिसतो आणि तक्रारीची जागा ठरलेली आहे.

बीडीडी चाळींचा शेवटही याच मार्गाने लिहिला जात आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर द्यायचे म्हाडाने ठरवले. वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गिरणी कामगारांची नातवंडे आता लिफ्टने वर जातात. सामाईक गॅलरीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे काय करायचे, याची तरतूद कोणत्याच नियमावलीत नाही. वाढलेला देखभाल खर्च दरमहा कोण भरणार, हा प्रश्न तर त्याहून निकडीचा आहे.

नंदुरबार, शहादे, नवापूर, तळोदे या गावांत अजून उंच इमारतींची परंपरा नाही. इथला नोकरदार आधी बिनशेती प्लॉट पाहतो. त्यावर दोन खोल्या बांधतो, जमेल तसा वरचा मजला चढवतो. तेही न जमले तर रो-हाऊस. खणाखणाने वाढणाऱ्या घराची ती जुनीच रीत, फक्त सिमेंटमध्ये. अलीकडे शहरांच्या मध्यवर्ती भागात जमीन महागल्याने अपार्टमेंट उभी राहू लागली आहेत आणि डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई वगळता राज्यातल्या लहानमोठ्या बहुतेक गावांना एकाच चौकटीत आणले. पण अशा गावातल्या पुष्कळ इमारती लहान असतात. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेराकडे नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे मुंबईच्या ग्राहकाला वेबसाइटवर एका क्लिकने जे दिसते, ते नंदुरबारच्या ग्राहकाला तलाठी कार्यालयात आणि नगरपालिकेत जाऊन स्वतः शोधावे लागते. ज्या जिल्ह्यात दहापैकी जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, तिथे सातबाऱ्यावर मूळ खातेदार कोण होता, जमीन आदिवासीकडून आली असेल तर कलम ३६-अची परवानगी झाली होती का, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आहे का, हे चार कागद पाहिल्याशिवाय घेणाऱ्याने इसाराचा पहिला रुपयाही देऊ नये.